गॅलरीला हिशेब मागितला तर संबंध तुटतील का?

चुलवाण (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस या फोरमवर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी कोल्हापूर जिल्ह्यातली. माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांची तयारी करून घेते आणि घरचं सगळं आवरलं की रात्री नऊनंतर स्वतःचं काम करते. गेली सहा वर्षं फक्त गुऱ्हाळं रंगवतेय. आमच्या भागातली गुऱ्हाळघरं एकेक करत बंद पडत चाललीत, तोवर काहील (रस उकळायची मोठी कढई), तिच्याखालचं चुलवाण, धुराडं, चिपाडाचे ढीग, पहाटेची वाफ जेवढी पकडता येईल तेवढी पकडतेय. माध्यम अ‍ॅक्रिलिक. चुलवाणातली राख चाळून रंगात मिसळते, त्यामुळं पृष्ठभाग जरा खरबरीत येतो.

पुण्यातल्या एका ग्रुप शोमध्ये मुंबईच्या गॅलरीच्या मॅडमनी काम पाहिलं. फोनवर बोलणं झालं, सात चित्रं पाठव म्हणाल्या. साठ टक्के माझे, चाळीस त्यांचे. मी भीत भीत कागदाचं विचारलं, तर "अगं, आपण काय परके आहोत का?" म्हणाल्या. मला बरंच वाटलं तेव्हा. सुताराकडून क्रेट करून घेतली, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सातही चित्रं गेली. क्रेट आणि भाडं मिळून ४,२०० रुपये, माझेच. या गोष्टीला आता दीड वर्ष झालं.

पहिलं चित्र चार महिन्यांत विकलं गेलं. ३६ बाय ४८ इंच, यादीतली किंमत १,२०,०००. माझे ७२,००० व्हायला हवेत. मॅडमचा मेसेज आला, "अभिनंदन! तुझं चुलवाण छान घरात गेलं." खाली फुलांचे सहा गुच्छ. दोन महिने मी पैशाचं विचारलंच नाही, बरं दिसत नाही म्हणून. शेवटी विचारलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर एका हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो आला. ग्राहकाला २० टक्के सूट, म्हणजे २४,०००, ती सगळी माझ्या हिश्श्यातून वजा. राहिले ४८,०००. त्यातून फोटोग्राफी आणि कॅटलॉग ९,५००. फ्रेम ६,०००. हातात ३२,५००. गॅलरीचे ४८,००० जागच्या जागी, मूळ किमतीवर धरलेले. आणि फ्रेमचं म्हणाल तर ते चित्र बिनफ्रेमचं टांगायचं म्हणून मी चारी कडा रंगवून दिल्या होत्या.

मी गप्प बसले. पहिलीच विक्री होती.

दुसरी गोष्ट गणपतीत कळली. आमची एक माजी विद्यार्थिनी पुण्यात इंटिरियरचं शिकते, तिनं एका डिझायनरच्या इन्स्टाग्रामवरचा फोटो पाठवला. "बाई, हे तुमचं ना?" पांढरा सोफा, दोन पितळी समया, वर ३० बाय ३० चं माझं चित्र. डाव्या खालच्या कोपऱ्यात गेरूचा एक ओघळ आहे, तो मी वाहू दिला आणि अर्ध्यात अंगठ्यानं अडवला होता. फोटो ताणून ताणून मोठा केला. अंगठा दिसला.

मॅडमना विचारलं तर "अप्रूव्हलवर दिलंय, अजून फायनल नाही." म्हणजे घरी लावून बघा, पसंत पडलं तर घ्या. इन्स्टाग्रामवर फोटो टाकून तेव्हाच चार महिने झाले होते. भिंतीत खिळा मारून, वर दिवा सोडून चार महिने अप्रूव्हल? हे चित्र ८०,००० चं.

तिसरं लिहू की नको असं वाटत होतं. दिवाळीला गॅलरीनं ग्राहकांना टेबल कॅलेंडर वाटली. मार्च महिन्यावर माझं चित्र आहे, वरून कापलेलं, धुराडं गायब. नाव कुठंच नाही.

आता विचारायचंय ते असं. सूट दिली तर ती कुणाच्या खिशातून जायची असते? उरलेली पाच चित्रं परत कशी मागायची? आणि मुख्य म्हणजे हिशेब मागितला तर मी "कटकटी बाई" ठरून सगळीकडची दारं बंद होतील का? माझे जुने सर म्हणतात, मुंबईची गॅलरी मिळालीय, धरून ठेव. नवरा म्हणतो, उसाचं बिल थकलं तर कारखान्यावर मोर्चा नेतो आपण, आणि तू फुलांचे गुच्छ मोजत बसलीस.

ओला वॉश (पुणे)

ताई, आधी एक सांगा. चित्रं गॅलरीत पोचली तेव्हा पोच घेतलीत का? नावं, मापं, किमती आणि खाली त्यांची सही असलेला साधा कागद? नसेल तर आजच्या आज व्हॉट्सअ‍ॅप वर वर सरकवत जा आणि त्यांनी जिथं "सात मिळाली" असं काहीतरी लिहिलंय तो मेसेज शोधून ठेवा. ट्रॅव्हल्सची पावती पण.

का सांगतो ते ऐका. १९९८ साली मी एका गॅलरीकडं अकरा जलरंग ठेवले होते. गॅलरीवाल्यानं भाडं थकवलं, जागामालकानं कुलूप ठोकलं. मी गेलो तर जागामालक म्हणतो, आतलं सगळं त्याचं, तुझं आहे याचा पुरावा काय? चित्रावर माझी सही आहे म्हटलं. तो म्हणाला, मग पंख्यावर पण कंपनीचं नाव आहे. पंखा काय कंपनी परत नेणार? मला उत्तर सुचलं नाही, खरं सांगतो. दोन पावसाळ्यांनी चार चित्रं हाताला लागली, चारींवर बुरशी.

आता गॅलऱ्यांचं. पूर्वी जाती दोन होत्या. एक भाड्याची. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी घ्या, १९५२ पासून कलावंताला आठवड्याच्या भाड्यानं भिंत मिळतेय. तारीख मिळायला वर्षं जातात, पण कार्ड छापणं, उभं राहणं, गिऱ्हाइकाशी बोलणं सगळं तुमचं, आणि गिऱ्हाईकही तुमचंच. दुसरी, माणूस निवडून त्याच्या मागं उभी राहणारी. त्याच जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधींनी केमोल्ड सुरू केली, ती या जातीची. तिथं विकलं गेलं तर गॅलरीचा वाटा, नाही विकलं तर जोखीमही तिची. दोन्हींत काही काळंबेरं नाही. हल्ली तिसरी जात निघालीय. खर्च चित्रकाराचा आणि टक्केही गॅलरीचे. तुमच्याकडून कॅटलॉगचे ९,५०० घेतले ते याच जातीचं लक्षण.

सुटीचं गणित सोपं आहे. चित्र ९६,००० ला गेलं ना? मग साठ-चाळीस ९६,००० चे. तुमचे ५७,६००. तुम्हाला ४८,००० धरले, म्हणजे ९,६०० इथंच गेले. सूट मॅडमनी दिली, औदार्य तुमचं.

चाळीस टक्के जास्त वाटून घेऊ नका, तो दर चालू आहे. तेहेतीसपासून पन्नासपर्यंत सगळे पाहिलेत मी.

आणि चित्रं परत येतील तेव्हा पॅकिंग स्वतः उघडा. अ‍ॅक्रिलिक आणि बबल रॅप यांचं जमत नाही.

भिंतीमागची

मी अकरा वर्षं दोन गॅलऱ्यांमध्ये काम केलंय, एकीत मॅनेजर होते. त्यामुळं इथं थोड्या शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते.

आधी तुमच्या बाजूचं. आमच्याकडं पद्धत अशी होती की दहा टक्क्यांपर्यंतची सूट मॅनेजर देऊ शकायची आणि ती दोघांत वाटली जायची. त्याच्यापुढं गेलं की चित्रकाराला फोन करायचाच, मग रात्रीचे दहा वाजले असोत. वीस टक्के विचारल्याशिवाय द्यायची आणि सगळी एकाच बाजूला टाकायची, हे आमच्याकडं चाललं नसतं. अप्रूव्हलला पंधरा दिवस, फार तर महिना, आणि तेही घेणाऱ्याच्या सहीवर. चार महिने म्हणजे एकतर ग्राहक हप्त्यांनी पैसे देतोय, नाहीतर सगळे आलेत आणि ते गॅलरीच्या भाड्यात गेलेत. हे दुसरं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मार्चअखेरीला एकाच्या चित्राचे पैसे दुसऱ्याला द्यायचे, तिसऱ्याला थांबवायचं. मालक वाईट नव्हते हो. पण हातात आलेला सगळा पैसा आपलाच, असं त्यांना मनापासून वाटायचं.

आता दुसरी बाजू. ग्राहक नावाचा प्राणी तुम्ही लोकांनी पाहिलेला नसतो. बंगला पाच कोटींचा, आणि चित्राचे पैसे "सोफा आला की देतो". तो सोफा यायला आमच्याकडं सात महिने लागले होते. त्यात जागेचं भाडं, विमा, उद्घाटनाचा खर्च, दिवसभर रिकाम्या हॉलमध्ये चालू असलेला एसी.

आणि चित्रकारही सगळे धुतल्या तांदळासारखे नसतात. आम्ही एकाचं प्रदर्शन केलं, कार्ड छापली, लोक आणले. एक बाई रोज येऊन एका चित्रासमोर उभ्या राहायच्या, घेणार हे दिसतच होतं. पाचव्या दिवशी आल्याच नाहीत. चित्रकारानं त्यांना स्टुडिओत बोलावून तसंच दुसरं निम्म्या किमतीत दिलं होतं. कमिशन वाचलं म्हणून त्याला आनंद. त्याची यादीतली किंमत त्यानंतर कुणी खरी मानली नाही, आमचंही नाक कापलं गेलं ते वेगळं. तेव्हा घरून विकलं तर किंमत तीच, हे तुमच्याकडूनही पाळलं पाहिजे.

अजून एक. किंमत जीएसटी धरून की वेगळा, हे आधीच लिहून घ्या. चित्रांवरचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये बारावरून पाच टक्क्यांवर आलाय. जुन्या दरानं हिशेब लावून कुणी कापत नाही ना, ते पाहा.

कटकटी बाई ठराल का? ठराल, एका गॅलरीत. बाकीच्यांना कळलं तर त्या म्हणतील, हिला कागद नीट लागतो. आम्ही असल्या चित्रकारांना पैसे पहिले द्यायचो, कारण त्यांचा फोन येणार हे माहीत असायचं.

चुलवाण (कोल्हापूर)

दोघांचे आभार. पोच नाही, पण "ऑल सेव्हन पीसेस रिसीव्ह्ड, लव्हली" असा मॅडमचा मेसेज सापडला. खाली नेहमीप्रमाणे फुलं. त्यांना कधी वाटलंही नसेल की त्या पोच देतायत.

घरून स्वस्तात विकण्याबद्दल लिहिलंत, तिथं जरा कान लाल झाले. आमच्या मुख्याध्यापकांना एक छोटं चित्र असंच दिलंय, पाच हजारात.

काळा कोट

वकील आहे, ठाण्यात प्रॅक्टिस. कागद न पाहता सल्ला देत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

तुम्ही चित्रं गॅलरीला विकलेली नाहीत, विकण्यासाठी सोपवली आहेत. मालक तुम्हीच. गॅलरी तुमची एजंट. १८७२ चा करार कायदा आपल्या मदतीला अजून येतो. कलम २१३ प्रमाणे एजंटला मालकानं मागितल्यावर नीट हिशेब द्यावाच लागतो आणि २१८ प्रमाणे मालकाच्या वतीनं आलेले पैसे त्याच्याकडं जमा करावे लागतात. मधले २१७ एजंटला त्याचा मोबदला आणि रीतसर झालेला खर्च कापून घेऊ देतं. तुमचं भांडण तिथं आहे. कॅटलॉग आणि फ्रेम तुम्ही कबूल केले होते का, हे त्यांनी दाखवायचं. तोंडी करारही करारच असतो. तुमचा साठ-चाळीसचा व्यवहार मेसेजमध्ये दिसतो तेवढा पुरे.

फौजदारीची भाषा लगेच काढू नका. भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ विश्वासघाताचं आहे आणि सोपवलेली वस्तू किंवा पैसा लाटला तर ते लागू शकतं. पण पहिल्याच पत्रात ते लिहिलं की समोरचा वकील करतो आणि चित्रं गोदामात राहतात. आधी ईमेल. व्हॉट्सअ‍ॅप नको, मेसेज डिलीट होतात. मेलमध्ये सातही चित्रांची नावं, मापं, किमती लिहा. कुठलं चित्र सध्या कुणाकडं आहे आणि कुठल्या तारखेला किती पैसे आले, एवढंच विचारा. पंधरा दिवस द्या. उत्तर नाही आलं तर नोटीस, मग दावा. मुदत तीन वर्षांची असते, पण तेवढी वाट पाहायची म्हणून ती दिलेली नाही.

कॅलेंडरचं तुम्ही चाचरत लिहिलंत, मला ते सगळ्यात भक्कम वाटतं. चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट आपोआप जात नाही. तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, १९५७ च्या कायद्याचं कलम १९. कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून नाव लागण्याचा हक्क तुमचा, आणि चित्राची अशी मोडतोड करता येत नाही की ज्यानं तुमच्या लौकिकाला धक्का बसेल. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं म्यूरल (भिंतीवरचं शिल्प) १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं. ते सरकारशी भांडले. दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ साली उरलेलं म्यूरल त्यांना परत द्यायला आणि वर पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. धुराडं कापणं त्याच्याइतकं नाही, पण जात तीच.

जाता जाता, ५३अ नावाचं एक कलम आहे. चित्र पुढं दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर त्यात मूळ चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा, कमाल दहा टक्के. पुस्तकात आहे, तेवढंच. चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ साली गेले, त्यांचं १९६१ चं एक चित्र २०२१ च्या लिलावात ३९.९८ कोटींना गेलं. अशी बातमी आली की मी ते कलम उघडून वाचतो आणि पुस्तक मिटतो.

चुलवाण (कोल्हापूर)

पाच आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, मधे शाळेत ग्रेड परीक्षा होत्या.

मेल केला. लिहायला चार रात्री लागल्या, आणि खरं सांगायचं तर पहिल्या तीन रात्री मी त्यातून "कृपया", "आपल्या सवडीनं" आणि "गैरसमज नसावा" एवढंच काढत होते. शेवटी अकरा ओळी राहिल्या. कलम एकच टाकलं, २१३. कॅलेंडरचा फोटो जोडला, त्याबद्दल एक वाक्य.

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी मॅडमचा फोन. आधी रडल्या. मी तुला मुलीसारखं मानलं म्हणाल्या. मी काय बोलणार? माझ्याही डोळ्यात पाणी आलं, पण काळा कोट यांनी सांगितलेलं आठवलं आणि म्हटलं, मॅडम, हेच जरा मेलवर लिहाल का? पलीकडं इतकी शांतता झाली की त्यांच्या ऑफिसातला एसी ऐकू आला.

त्यानंतर मेल आला. ८०,००० चं चित्र जुलैतच विकलं गेलं होतं, पूर्ण किमतीला. माझे ४८,००० दोन हप्त्यांत येतील म्हणून लिहिलंय, पहिले २४,००० खात्यात आलेही. पहिल्या चित्राच्या सुटीतले ९,६०० मान्य केलेत, कॅटलॉगचं मान्य नाही. फ्रेमचे सहा हजार "चुकून लागले". कॅलेंडरबद्दल चकार शब्द नाही. पाचपैकी तीन चित्रं मागच्या शनिवारी परत आली, दोन "क्लायंटच्या विचारात" आहेत. मी उलट मेल केला, तीस तारखेपर्यंत विचार करू दे, मग परत.

ओला वॉश, तुमचं बबल रॅपचं खरं ठरलं. माझी क्रेट त्यांनी टाकून दिली होती म्हणे. चित्रांवर थेट बबल रॅप, फुगे आतल्या बाजूला, वर टेप. दोन चित्रं बरी आहेत. तिसरं, काहीलीचं, त्यात रंगाचा थर जाड आहे, त्याच्यावर सगळीकडं गोल गोल ठसे. उजेडात तिरकं धरलं की नाण्यांसारखे चमकतात.

ओला वॉश (पुणे)

हात लावू नका. घासू नका, इस्त्री तर अजिबात नको, लोक करतात म्हणून सांगतोय. आधी दिवसाच्या उजेडात तिरके फोटो काढा आणि मॅडमना त्याच मेलच्या धाग्यात पाठवा, वेगळा मेल नको. मग सपाट ठेवून द्या, तोंड वर, काही न झाकता.

चुलवाण (कोल्हापूर)

फोटो पाठवलेत. चित्र शाळेत नेऊन चित्रकलेच्या खोलीत टेबलावर ठेवलंय, घरी तेवढी सपाट जागा नाही. सोमवारी आठवीचा वर्ग आला, सगळे भोवती गोळा. त्यात एक पोरगा आहे, त्यांच्याकडं अजून गुऱ्हाळ चालतं. बराच वेळ खाली वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, रस उकळाय लागल्यावर असाच फेस येतोय की."

आता ते ठसे बुजवायचे की तसेच ठेवायचे, ते कळेना झालंय. तीस तारखेला बाकीच्या दोनांचं काय होतंय ते इथंच लिहीन.